वास्तूचा स्पर्श

जुनी घरे आपण ‘पाहावयास’ जातो. राजवाडा असो, सरदाराचा वाडा असो की एखाद्या थोर पुरुषाचे राहते घर असो, तेथून परतल्यावर शेजारी विचारतात, “काय काय पाहिलेत?” आणि आपणही मोठ्या हौसेने पाहिलेल्या वस्तूंची यादी सांगू लागतो. सिंहासन पाहिले, झुंबर पाहिले, लेखणी पाहिली, पादुका पाहिल्या. हे सारे डोळ्यांचे काम. हात, पाय, नाक, कान हे जणू डोळ्यांचे ओझे वाहणारे हमाल होऊन बरोबर आले आणि तसेच रिकामे परत गेले.

वाचकहो, मला थोडे बोलावयाचे आहे ते या रिकाम्या परतणाऱ्या इंद्रियांविषयी. चित्र हे डोळ्यांसाठीच काढलेले असते. ते पाहिले की बव्हंशी समजते. घराची गोष्ट निराळी आहे. घरात राहणारा मनुष्य आपल्या घराकडे क्वचितच निरखून पाहतो. मध्यरात्री दिवा न लावता पाणी पिण्यास उठावे, तर उंबरठा कोठे आहे हे पायाला आपोआप कळते. मागील दाराची कडी किंचित उचलून मगच सरकवावी लागते, हे हाताला ठाऊक असते. माजघराच्या दाराची चौकट ठेंगणी आहे, हे मान विसरत नाही. दुपारी कोणत्या भिंतीला पाठ टेकली असता गार वाटते, हे पाठीला विचारावे. ज्यांनी ही घरे बांधली व ज्यांनी ती वापरली, त्यांनी ती अशी सर्वांगाने वापरली. मग शंभर-दोनशे वर्षांनी आपण तेथे जाऊन केवळ डोळे फिरवून आलो, तर त्या घराचा कितीसा भाग आपल्या पदरी पडला?

एक साधे उदाहरण घेऊ. जुन्या वाड्याच्या ओसरीवर उभे राहून एक हात दगडी जोत्यावर आणि दुसरा लाकडी खांबावर ठेवावा. दगड गार लागतो, लाकूड उबदार लागते. वस्तुतः सावलीत शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन्ही वस्तूंचे उष्णतामान जवळजवळ एकच असते. दगड आपल्या तळहाताची ऊब झपाट्याने ओढून घेतो, लाकूड ती सावकाश घेते. म्हणून आपणांस हा फरक भासतो. वसाहतींच्या पूर्वीही आपल्याकडील सुतार-गवंड्यांना हे हाताने कळत होते. म्हणून पाय जेथे टेकावयाचा तेथे त्यांनी दगड घातला आणि पाठ जेथे टेकावयाची तेथे लाकूड उभे केले. उन्हाळ्यात ओसरीवर बसणाऱ्याच्या पायांना गारवा मिळे आणि थंडीत खांबाला टेकणाऱ्याच्या पाठीत हिव भरत नसे. ही युक्ती कोणत्याही छायाचित्रात दिसावयाची नाही. ती समजण्यास दोन तळहात लागतात.

कन्याकुमारी जिल्ह्यातील पद्मनाभपुरमचा राजवाडा आपणांपैकी अनेकांनी दक्षिणेच्या यात्रेत पाहिला असेल. त्रावणकोरच्या राजांची ही जुनी राजधानी. राजवाड्याचा आरंभ सुमारे १६०१ साली झाला आणि १७५० च्या सुमारास मार्तंड वर्मा यांच्या काळात त्याला आजचे बरेचसे रूप आले, असे सांगतात. वास्तू तामिळनाडूत असली तरी तिची व्यवस्था केरळ शासन पाहते. हा राजवाडा बहुतांशी लाकडाचा असून तेथे पादत्राणे बाहेर काढून आत जावे लागते. पायांना मिळणारे हे निमंत्रणच समजावयाचे. अंगणातील खडबडीत दगडावरून आत पाऊल टाकावे तो काळीभोर, गुळगुळीत, आरशासारखी भुई लागते. चुना, नारळाच्या करवंट्यांचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक असे पदार्थ घोटून ती केली, अशी परंपरा आहे. तेथून मंत्रशाळेकडे चढणारा जिना अरुंद व उभा आहे. चढताना शरीर आपसूक आक्रसते आणि राजाच्या मसलतखान्यात आपण जरा वाकूनच प्रवेश करतो. वर गेल्यावर लाकडी जाळ्यांतून व रंगीत अभ्रकाच्या तावदानांतून येणारा मंद उजेड आणि बाहेरच्या उकाड्यानंतर जाणवणारा गारवा यांनी आवाजही आपोआप खाली येतो. मसलतीस कसे वातावरण हवे, हे बांधणाऱ्याने शब्दांवाचून सांगून ठेवले आहे.

या राजवाड्यात मी गेले ती माझ्या मावशीबरोबर. उतारवयात मावशीची दृष्टी पूर्णपणे गेली होती. तथापि प्रवासाची हौस गेली नव्हती. आम्ही इतर मंडळी छताकडे पाहत कोरीव कमळे मोजीत होतो. मावशी थांबली आणि तळपाय भुईवर हळूच घासून म्हणाली, “अगं, ही फरशी नव्हे. ही तर आमच्या शाळेतली पाटी आहे, नवीकोरी!” त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कोणाचेही लक्ष पायांखाली गेले नव्हते. नंतर तिने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, कठड्यावरून हात फिरवीत लाकूड कोठे झिजले आहे ते सांगितले आणि भोजनशाळेत शिरताच टाळी वाजवून विचारले, “येथे किती पाने बसत असतील गं?” हजार माणसे जेवतील एवढी ती शाळा आहे, हे वाटाड्याने नंतर सांगितले. मावशीला दालनाची लांबी प्रतिध्वनीवरून आधीच कळली होती.

त्याच प्रवासात आणखी एका गावी एक वास्तुसंग्रहालय पाहिले. तेथे दालनादालनांत दोर लावलेले होते, वस्तू काचेमागे होत्या, जमिनीवर जाजम होते आणि दर दहा पावलांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. पहिल्या दोन खोल्या झाल्यावर मावशी दाराशी असलेल्या खुर्चीवर टेकली. “तुम्ही पाहून या,” ती म्हणाली, “मी बसते येथे.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण तिकीट आम्हा सर्वांचे सारखेच काढलेले होते आणि त्या घराने तिला काही दिले नव्हते, ही गोष्ट मला परतीच्या वाटेवर डाचत राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या पाट्या लावणारे लोक मूर्ख किंवा अरसिक नसतात. तळहातावर घाम असतो, तेल असते, क्षार असतात. एका हाताने काही बिघडत नाही. परंतु वर्षाकाठी लाखो हात एकाच कोरीव फुलावरून फिरले, तर त्या फुलाच्या पाकळ्या नाहीशा होतात. पितळ काळवंडते, रंग व सोनेरी मुलामा निघून येतो, जुने वस्त्र तर बोटांच्या नुसत्या ओढीने विरते. शिवाय आपल्या देशात स्पर्शाला आणखी एक कलंक लागलेला आहे. खिळ्याने भिंतीवर स्वतःचे व प्रियजनाचे नाव कोरण्याची खोड अजून सुटलेली नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याने हा दंडनीय गुन्हा ठरविला, तरी जुन्या भिंती त्याची साक्ष देतच आहेत. अशा स्थितीत राखणदाराने दोर लावला, तर दोष कोणास द्यावा?

प्रयागराज येथील आनंद भवनाचेच पाहा. नेहरू घराण्याचे हे घर १९७० साली राष्ट्राला अर्पण झाले. त्यातील खोल्या आपण काचेतून पाहतो. पुस्तके, बैठकी, भांडी जागच्या जागी आहेत. ती पाहताना एका गजबजलेल्या घराचे चित्र मनापुढे येते. आणि ती तशी टिकली आहेत याचे कारण ती काच हेच आहे, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या पिढीसाठी जपावयाचे, तर आजच्या पिढीला थोडे दूर ठेवावे लागते. प्रश्न एवढाच की सर्वच ठिकाणी व सर्वच वस्तूंना हा एकच नियम लावावा काय?

या प्रश्नाचे उत्तर मला सेवाग्रामला मिळाले. वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात गांधीजी १९३६ साली राहावयास आले. पुढे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापू-कुटी मूळची मीराबेनसाठी बांधलेली. माती, बांबू, लाकूड, कौले असे जवळपासचे साहित्य आणि गावचेच कारागीर. भिंतींवर मीराबेनने मातीचीच उठावदार चित्रे केली : ताडाचे झाड, चरखा, ॐ. येथे सिंहासन नाही, झुंबर नाही. डोळ्यांनी पाहणारा पाच मिनिटांत सारे पाहून बाहेर येतो आणि ‘एवढेच?’ असे मनातल्या मनात म्हणतो.

मावशी मात्र भुईवर बसली. तिने तळहात जमिनीवर टेकला, जरा इकडे तिकडे फिरविला आणि दीर्घ श्वास घेतला. “सारवलेली आहे,” ती म्हणाली, “आणि हात सराईत आहे. वळसे बघ कसे एकसारखे आले आहेत.” शेणामातीच्या सारवणात बोटांचे अर्धवर्तुळाकार वळसे उमटतात, हे ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना सांगावयास नको. मीही ते वळसे पाहिले होते. परंतु त्यांचा अर्थ मला तिच्या बोलण्याने कळला. या घराला आजही कोणाचा तरी हात लागत होता. मातीचे घर तसे लागते. पावसाळा संपला की भिंतीचा पोपडा निघतो, भुई उखणते, कौले हलतात. मग माती भिजवावी लागते, लिंपावे लागते, सारवावे लागते. काचेत बंद करून हे घर जपता येणार नाही. हात थांबले, तर काही पावसाळ्यांतच ते मातीला मिळेल.

वाचकहो, मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. काही वस्तू स्पर्शाने झिजतात हे जितके खरे, तितकेच काही वस्तू स्पर्शानेच जगतात हेही खरे आहे. चेट्टिनाडमधील जुन्या हवेल्यांच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याचे थरावर थर देऊन अशा घोटलेल्या आहेत की, गाल टेकवावा तर संगमरवर वाटावा. तेथील अत्तंगुडीच्या फरश्या काचेवर रंग ओतून, वरून सिमेंट-वाळूचा थर देऊन हातांनी घडवितात. काचेला लागलेली बाजू गुळगुळीत निघते आणि पुढे चालणाऱ्यांच्या पायांनी तिला अधिकच झळाळी येते. अशा भिंतीची उद्या डागडुजी करावयाची, तर ती कशी लागली पाहिजे हे कोणाच्या तरी बोटांना माहीत असावे लागेल. चुना किती भिजला, गिलावा केव्हा घोटावयाचा, हे कारागीर अजूनही बोटाने ठरवितो. ज्या पिढीने चुन्याच्या भिंतीवरून कधी हातच फिरविला नाही, ती पिढी त्या भिंतीवर निर्धास्तपणे सिमेंट थापील, आणि ओलावा आत कोंडून भिंत फुगेल तेव्हा नवल करीत बसेल. स्पर्शाचे ज्ञान गेले की वास्तूची शुश्रूषा करणारेही जातात.

इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला आले होते. बापू-कुटीत ते शांतपणे बसले आणि सामान साठविण्याची जागा व माणसाने राहण्याचे घर यांत किती अंतर आहे, याविषयी त्यांनी तेथे मार्मिक विवेचन केले. ते विवेचन त्यांना त्या भुईवर बसल्यामुळे सुचले. दोरापलीकडून पाहून ते सुचले असते, असे मला वाटत नाही.

स्पर्शाबरोबर नाद आणि गंध यांचाही विचार केला पाहिजे. मुंबईच्या गावदेवी भागातील मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईस आले की राहत. आजारातून उठत असता आपल्या खोलीत चरखा गुणगुणू लागला आणि त्या गुंजारवाचा आपली प्रकृती सुधारण्यात मोठा वाटा होता, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मणिभवनात चरखे आपण पाहतो. परंतु गांधीजींना बरे वाटले ते चरखा पाहून नव्हे, ऐकून! तसेच कोलकात्यातील जोरासांकोचे ठाकूरवाडे. रवींद्रनाथांचा जन्म १८६१ साली व मृत्यू १९४१ साली तेथेच झाला. ‘छेलेबेला’ या बालपणीच्या आठवणींत त्यांनी आजीच्या काळातील एका जुन्या, अडगळीत पडलेल्या पालखीविषयी लिहिले आहे. दुपारच्या वेळी हा मुलगा त्या पालखीत दडून बसे आणि मनाने दूरदूरच्या मुलुखांत फिरून येई. तीच पालखी त्या काळी दोरामागे ठेवून वर ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली असती, तर? घरातल्या निरुपयोगी वस्तूत शिरून बसण्याची मुभा, ही एका मोठ्या प्रतिभेच्या शिदोरीतील लहानशी पुरचुंडी होती.

मग करावे काय? दोर तोडावेत असे मी म्हणणार नाही. जपण्याच्या वस्तू जपाव्यात. मात्र प्रत्येक ऐतिहासिक घरात काही थोडे हातापायांसाठी राखून ठेवावे. डागडुजीत उरलेली एखादी फरशी, गिलाव्याचा नमुना, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, जुन्या धाटणीची नवी कडी व अडसर, एखादे जाते, एखादा पाटा-वरवंटा दाराशी मांडून ठेवण्यास खर्च तो किती? दिवसातून घटकाभर कोणी तेथे चरखा फिरवावा, उखळात कांडावे, भुई सारवावी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ नावाचे दालन सुरू केले, त्यात निवडक वस्तूंच्या प्रतिकृती स्पर्शासाठीच मांडल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या अधिनियमाने सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. दाराशी खुर्ची टाकणे म्हणजे तो हक्क देणे नव्हे. आणि अशी सोय डोळसांनाही उपकारक ठरते, हे मला मावशीमुळे कळले.

शासनाने व संस्थांनी काय करावे हे झाले. आपण कुटुंबवत्सल माणसांनीही थोडे करण्यासारखे आहे. जुन्या घरात शिरताना हात स्वच्छ असावेत, अंगठ्या-बांगड्या भिंतीला घासू नयेत, आणि स्पर्श करण्यापूर्वी तेथील माणसास विचारावे. रंगविलेली भिंत, वस्त्र, कागद व मुलामा यांना बोट लावू नये, हे मुलांना कारणासह सांगावे. कारण समजले की मुले पाटीशिवायही नियम पाळतात. पण जेथे मनाई नाही तेथे त्यांना चौकटीवरून हात फिरवू द्यावा, जोत्यावर बसू द्यावे, अनवाणी चालू द्यावे. एखाद्या दालनात मिनिटभर सर्वांनी डोळे मिटून उभे राहावे. बाहेर आल्यावर ‘काय पाहिलेस?’ असे न विचारता ‘सर्वांत गार काय होते? कोठे वाकावे लागले? कोणत्या खोलीला कसला वास होता?’ असे विचारून पाहावे. मिळणाऱ्या उत्तरांनी आपण थक्क व्हाल.

आणि यासाठी दरवेळी राजवाड्यासच जावे लागते असे नाही. आपण पुण्यास असा की बडोद्यास, इंदुरास असा की तंजावरास, आपल्या आप्तांपैकी कोणाचे तरी एखादे जुने घर अजून उभे असेल. अशी घरे झपाट्याने उतरत आहेत. त्यांच्या जागी सोयीच्या इमारती येत आहेत, आणि राहणाऱ्यांच्या अडचणी जाणणारा कोणी त्यांना नावे ठेवणार नाही. घर उतरण्यापूर्वी आपण त्याची छायाचित्रे काढून ठेवतो, हे उत्तमच. परंतु दिंडीचा अडसर केवढा जड होता, देवघराच्या कोनाड्यात तेलाचा थर बोटाला कसा लागे, माळ्यावरच्या बळदात धान्य संपल्यावरही त्याचा वास कसा भरून राही, हे छायाचित्रात उतरत नाही. ते एका हाताने दुसऱ्या हातालाच द्यावे लागते. म्हणून घर उभे आहे तोवर मुलांना तेथे घेऊन जा. अडसर त्यांना स्वतः ओढू द्या, जाते एकदा फिरवू द्या, आजीला शेजारी बसवून भुई एकदा सारवू द्या. हात माखतील ते धुता येतील. हाताला जे कळेल ते मात्र त्यांच्यापाशी राहील.